ऑटिस्टिक मुलं मोठी होतात तेव्हा

ऑटिझम म्हटलं की डोळ्यांसमोर लहान मूल येतं. वर्तमानपत्रांतले लेख, शिबिरांची पत्रकं, दवाखान्यातले फलक, सगळीकडे तीन-चार वर्षांचंच मूल असतं. निदान लवकर व्हावं, उपचार वेळेत सुरू व्हावेत, यासाठी पालकांनी आणि डॉक्टरांनी गेली पंचवीस-तीस वर्षं जे कष्ट घेतले, त्यांचं मोल मोठं आहे. पण ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, बालपणाबरोबर संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार जगात साधारण १२७ माणसांमागे एक जण ऑटिस्टिक आहे. यातली बहुसंख्य माणसं आज प्रौढ आहेत. त्यांचं काय चाललं आहे, हे आपण फारसं विचारत नाही.

अठरावं वर्ष लागलं की घरात एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बदलतात. विशेष शाळा संपते. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लहानपणी काढलेल्या अपंगत्व प्रमाणपत्राची मुदत अनेकदा याच सुमारास संपते आणि जिल्हा रुग्णालयाच्या वाऱ्या पुन्हा सुरू होतात. बँकेत आई-बाबांची सही चालेनाशी होते, कारण कायद्याच्या दृष्टीने मुलगा सज्ञान झालेला असतो. रोज सकाळी साडेसातला दारात येणारी शाळेची व्हॅन बंद होते, तेव्हा ज्या मुलाचा सगळा दिवस त्या व्हॅनच्या वेळेवर बेतलेला असतो, त्याच्या पायाखालची जमीन सरकते.

या प्रश्नावर गेल्या काही दशकांत पुष्कळ अभ्यास झाला, कायदे झाले, प्रयोग झाले. ते एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट वारंवार पुढे येते. ऑटिस्टिक माणसाचं प्रौढ आयुष्य कसं जाईल, हे त्याच्या क्षमतेवर जितकं ठरतं तितकंच त्याच्या भोवतीच्या माणसांनी काय मांडून ठेवलं आहे, यावर ठरतं. म्हणून तयारी दोन्ही बाजूंनी व्हायला हवी, आणि अठराच्या पुष्कळ आधी.

पहिल्या अकरा मुलांचं पुढे काय झालं?

अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये काम करणारे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला आणि वैद्यकशास्त्रात ऑटिझमची नोंद झाली. त्यातला पहिला मुलगा होता मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहान गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. १९४२ साली आई-वडिलांनी त्याला घरापासून दहा मैलांवरच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. कॅनर तिथे त्याला भेटायला गेले तेव्हा त्यांनी पाहिलं ते आजही प्रत्येक शिक्षकाने वाचावं असं आहे. डोनाल्डला मोजमापांचं वेड होतं, म्हणून त्या जोडप्याने त्याला विहीर खणायला आणि ती किती खोल गेली ते सांगायला लावलं. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करत असे, तेव्हा त्यांनी त्याला दफनभूमीसाठी जागाच नेमून दिली. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजायचा, तर नांगरता नांगरता मोज म्हणाले. कॅनर यांच्यासमोर त्याने घोडा आणि नांगर दोन्ही उत्तम सांभाळत ओळी नांगरून दाखवल्या. त्याची सवय मोडायला कुणी गेलं नाही, तिलाच कामाला जुंपलं.

डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायला आणि गोल्फ खेळायला शिकला, देशोदेशी फिरला आणि २०२३ साली ८९व्या वर्षी वारला. त्याचं घर सधन होतं आणि बँक त्याच्या आईच्या माहेरच्यांनी स्थापलेली होती, हेही सांगायला हवं. पण गावाने त्याला ओळखलं आणि आपलं मानलं, हाही त्या कहाणीचा तितकाच मोठा भाग आहे. १९७१ मध्ये कॅनर यांनी त्या अकरा जणांचा पुन्हा माग काढला. जी मुलं सरकारी मनोरुग्णालयांत कायमची दाखल झाली होती, त्यांच्यात होती ती कौशल्यंही विझली होती. अशी भरती म्हणजे जन्मठेपच, असं कॅनर यांचं मत झालं. निदान एक, काळही एक, आणि आयुष्यं इतकी वेगळी.

अभ्यास काय सांगतात?

पॅट्रिशिया हाउलिन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ब्रिटनमधल्या ६८ ऑटिस्टिक प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी या सगळ्यांचा बुद्ध्यंक ५०च्या वर होता. नोकरी, मैत्री आणि स्वतंत्र राहणं या निकषांवर २२ टक्के लोकांची स्थिती चांगली किंवा उत्तम निघाली, ५८ टक्क्यांची वाईट किंवा फार वाईट. अमेरिकेत पॉल शॅटक यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की शाळा सोडल्यानंतरच्या पहिल्या सहा वर्षांत साधारण ३५ टक्के ऑटिस्टिक तरुण महाविद्यालयात गेले आणि ५५ टक्क्यांना पगारी काम मिळालं. पण शाळा सुटून दोनच वर्षं झालेल्यांतले निम्म्याहून अधिक ना शिकत होते, ना काम करत होते. म्हणजे सर्वांत मोठी पोकळी शाळेच्या दाराबाहेरच आहे.

ही पोकळी भरता येते, याचाही पुरावा आहे. १९९६ साली सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात ‘प्रोजेक्ट सर्च’ हा उपक्रम सुरू झाला. यात शाळेचं शेवटचं वर्ष वर्गात न घालवता रुग्णालयासारख्या प्रत्यक्ष कामाच्या जागी, प्रशिक्षकाच्या सोबतीने घालवायचं असतं. व्हर्जिनियात पॉल वेहमन यांनी हीच पद्धत ऑटिस्टिक तरुणांसाठी वापरून तुलनात्मक अभ्यास केला. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले: प्रशिक्षण मिळालेल्या २४ जणांपैकी २१ जणांना नोकरी मिळाली, न मिळालेल्या १६ जणांपैकी एकालाच. गट लहान होता, तरी एवढी तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नाही. दोन्ही गटांतली मुलं सारखीच होती. फरक त्यांच्यासाठी केलेल्या व्यवस्थेत होता.

आपल्याकडचा कायदा

भारतात १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याला पहिल्यांदा नाव दिलं. हा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. मग २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि प्रकारांची संख्या २१ झाली. किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांना त्याने ठोस हक्क दिले: सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षण, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात पाच टक्के जागा, सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण. या चारांतला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता अशा सगळ्यांत मिळून आहे. महाराष्ट्राने २०२२च्या डिसेंबरमध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला. 

कायद्याचा सांगाडा चांगला आहे, पण त्यात मधला पूल नाही. अमेरिकेच्या शिक्षण कायद्यानुसार मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत शाळेला त्याच्या पुढच्या आयुष्याचा लेखी आराखडा करावा लागतो. इंग्लंडमध्ये २०१४च्या कायद्याने विशेष गरजांचा आराखडा गरजेनुसार पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू ठेवता येतो, आणि २००९चा ऑटिझम कायदा तर प्रौढांसाठीच झाला. आपल्या कायद्यात अठराच्या आधीचं शिक्षण आहे, अठरानंतरचं आरक्षण आहे. एकातून दुसऱ्यात मुलाला कोण नेणार, हे कुणाच्याच अंगावर टाकलेलं नाही. ते काम आईच्या अंगावर येऊन पडतं. बहुतेक घरांत तीच कागदपत्रांची पिशवी घेऊन फिरते, आणि त्यापायी अनेकींनी नोकरी केव्हाच सोडलेली असते.

शाळेतली शेवटची वर्षं

तयारी चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुरू व्हायला हवी, असं अनेक जाणकार सांगतात. या वयात शाळेला आणि घराला एक अवघड निवड करावी लागते. अक्षरं, बेरजा, आठवीचा अभ्यासक्रम यांच्यामागे किती धावायचं आणि रोजच्या जगण्याला किती वेळ द्यायचा? ज्यांना जमतं त्यांनी दहावी-बारावी जरूर करावी. लेखनिक आणि जादा वेळ या सवलती राज्य मंडळात आहेत, मुक्त विद्यालयाचा मार्गही आहे. पण दहावी पास झालेला मुलगा एकट्याने केस कापून येऊ शकत नसेल, तर आराखडा अपुरा आहे.

एकट्याने बसने जाणं हे एकच कौशल्य घ्या. ते शिकवायचं तर आधी त्याचे तुकडे पाडावे लागतात: थांबा ओळखणं, बसवरचा क्रमांक वाचणं, चढणाऱ्यांना जागा देणं, पास दाखवणं, बस भरलेली असेल तर पुढची घेणं, आपला थांबा चुकला तर काय करायचं ते ठरलेलं असणं. सुरुवातीला आई शेजारी बसते. मग दोन आसनं मागे. मग ती मागच्या दाराने चढते आणि बोलत नाही. नंतर रिक्षाने बसच्या मागे येते. शेवटी फक्त थांब्यावर उतरल्याचा फोन. प्रत्येक टप्प्याला आठवडे जातात. खरी कसोटी लागते ती बस मार्ग बदलते किंवा बंद पडते त्या दिवशी, म्हणून शिकवणारे मुद्दाम असे दिवस घडवून आणतात. खिशातल्या कार्डावर नाव, घरचा फोन आणि ‘मी ऑटिस्टिक आहे, मला बोलायला वेळ लागतो’ एवढं एक वाक्य असतं. जो बोलत नाही, त्याला चित्रांची पाटी किंवा फोनवरचं बोलणारं ॲप सोबत हवं. बोलण्याचं साधन घरी ठेवून मुलाला बाहेर पाठवणं म्हणजे त्याचा आवाजच घरी ठेवणं.

शरीर, सुरक्षितता, मन

वयात येणं या विषयावर घरात आणि शाळेत सर्वांत कमी बोललं जातं. मुलाला मिसरूड फुटतं, मुलीला पाळी येते, आणि लहानपणी ज्याचं कौतुक होतं तेच वागणं आता लोकांना खटकू लागतं. पाच वर्षांच्या मुलाने बसमध्ये अनोळखी बाईचा हात धरला तर ती हसते. अठरा वर्षांच्याने धरला तर पोलिसांपर्यंत जातं. खाजगी काय आणि चारचौघांत काय, हे नियम लहानपणापासून चित्रांनी, स्पष्ट शब्दांत शिकवावे लागतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘नाही’ म्हणायला शिकवणं. ज्या मुलाला पंधरा वर्षं फक्त सांगितलेलं ऐकायला शिकवलं, त्याला कुणी गैरफायदा घेतला तर नकार कसा द्यावा हे कळणार नाही.

महाराष्ट्राला या बाबतीत एक जखम आठवायला हवी. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. पाळीच्या वेळची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण सांगितलं होतं. महिला संघटनांनी आवाज उठवला, देशभर चर्चा झाली. आता २०१६च्या कायद्याने संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया करायला मनाई आहे. ज्या कामाला संयम आणि शिकवणं लागतं, ते सुरीने उरकू नये, हा धडा आपल्याच मातीतला आहे.

आरोग्याच्या दोन गोष्टींकडे पालकांनी लक्ष ठेवावं. ऑटिस्टिक मुलांत फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, आणि किशोरवय हा ती सुरू होण्याचा एक काळ आहे. दुसरं, चिंता आणि नैराश्य. उत्तम बोलणाऱ्या, अभ्यासात हुशार अशा ऑटिस्टिक तरुणांत ते विशेष दडून राहतं. दिवसभर इतरांसारखं वागण्याचा प्रयत्न करून ते थकतात आणि त्यांच्यात आत्महत्येचा धोकाही वाढलेला आढळतो. अनेक मुलींचं आणि स्त्रियांचं निदान विशी-तिशीत होतं, तोवर त्यांना हट्टी किंवा विक्षिप्त म्हटलेलं असतं. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना एक लाख रुपयांपर्यंत खर्च देते, त्यात थेरपीही धरली जाते आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. ती घेतलेली असावीच.

काम

आपल्याकडे अठरानंतरचा नेहमीचा रस्ता म्हणजे कार्यशाळा. तिथे पणत्या रंगवतात, कागदी पिशव्या आणि फाइली करतात, दिवाळीत उटणं आणि आकाशकंदील विकतात. या कार्यशाळांनी हजारो घरांना दिवसाची घडी दिली आहे, त्यांचे उपकार विसरू नयेत. पण संख्या कमी, मोबदला तुटपुंजा, आणि ज्याला रेल्वेची वेळापत्रकं पाठ आहेत त्यालाही पणतीच रंगवावी लागते.

यापलीकडचे प्रयत्न सुरू आहेत. मुंबईत यश चॅरिटेबल ट्रस्टने आधी डब्यांची सेवा चालवली आणि २०१८ साली जुहूला ‘कॅफे अर्पण’ काढलं. तिथे ऑटिस्टिक आणि बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ मंडळी स्वयंपाकघरात आणि टेबलांवर काम करतात. डेन्मार्कच्या ‘स्पेशलिस्टर्न’ने २००४ पासून सॉफ्टवेअर तपासणीसाठी ऑटिस्टिक माणसं निवडली आणि मुलाखतीऐवजी लेगोचे यंत्रमानव जुळवायला दिले. २०१३ मध्ये एसएपी कंपनीने त्यांच्या सोबतीने मोहीम सुरू केली, तिचं काम बंगळूरुतही झालं.

या सगळ्यांतून नोकरी देणाऱ्याने घ्यायचा धडा फार खर्चिक नाही. मुलाखतीत डोळ्याला डोळा भिडवण्याची अपेक्षा सोडून दोन दिवस काम करवून पाहावं. ‘जरा हे बघून घे’ असं मोघम न सांगता काय, किती आणि कधीपर्यंत ते लिहून द्यावं. बसायची जागा मिक्सर किंवा स्पीकरपासून दूर ठेवावी. पहिले काही महिने एक सहकारी नेमून द्यावा, ज्याला प्रश्न विचारता येतील. २०१७च्या नियमांनुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. किती आस्थापनांनी ते केलं आहे, हे दिव्यांग आयुक्तांनी दरवर्षी छापावं. पूर्ण वेळ नोकरी जमणार नाही असेही अनेक जण आहेत. त्यांच्या दिवसाला आकार देणारं, आवडीचं, आठवड्यातून चार तासांचं कामही मोलाचं आहे.

निर्णय कुणाचा?

सज्ञान मुलाच्या वतीने व्यवहार करायचे तर पालकांना कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा असतो. हे प्रमाणपत्र बँकेत खातं चालवायला उपयोगी पडतं. मात्र २०१६च्या कायद्याने विचाराची दिशा बदलली. त्याच्या चौदाव्या कलमात मर्यादित पालकत्व आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार, परस्परविश्वासाने घेतलेल्या संयुक्त निर्णयाचं. गरज असेल तिथे पूर्ण आधाराचीही तरतूद आहे. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातून हे तत्त्व आलं. दोन्ही कायदे शेजारी शेजारी उभे आहेत आणि कार्यालयांत बहुधा जुनाच चालतो.

ज्याला फारसं बोलता येत नाही, त्याची इच्छा कळणार कशी, हा पालकांचा प्रश्न खरा आहे. उत्तर रोजच्या लहान निवडींत आहे. कोणता शर्ट, पोहे की उपमा, कुठल्या काकांकडे राहायचं, कुणाकडे नाही. दहा वर्षं अशा निवडी विचारल्या आणि मानल्या, तर मोठ्या निर्णयाच्या वेळी घरच्यांना त्याचं मन वाचता येतं. ब्रिटिश ऑटिस्टिक अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की समज न होणं दुहेरी असतं: ऑटिस्टिक माणसाला आपण कळत नाही, तसा तोही आपल्याला कळत नाही. म्हणून धोरणाच्या टेबलावर पालक आणि तज्ज्ञ यांच्या बरोबरीने ऑटिस्टिक प्रौढ बसलेले हवेत.

आमच्या पश्चात

कुठल्याही पालक मेळाव्यात शेवटी एकच प्रश्न येतो: आमच्या पश्चात याचं कसं होणार? भावंडांवर सगळं टाकून मोकळं होता येत नाही. बहीण-भावाशी मोकळेपणाने बोलून त्यांना काय जमेल, काय नाही, हे आधीच ठरवावं, आणि जे जमणार नाही त्याबद्दल त्यांना अपराधी वाटू देऊ नये.

पैशाच्या बाजूला काही आधार आहेत. मृत्युपत्र हवंच, आणि भारतीय न्यास अधिनियम १८८२ खाली खाजगी विश्वस्त निधी करता येतो. सरकारी नोकरदाराच्या स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण त्याचं नाव नोंदीत आधी यायला हवं. आयकराच्या जुन्या प्रणालीत दिव्यांग आश्रितासाठी ७५ हजार, तीव्र अपंगत्वासाठी सव्वा लाखाची वजावट आहे.

राहण्याचा प्रश्न त्याहून कठीण आहे. बदलापूरची ‘आधार’ ही पालकांनीच उभी केलेली निवासी संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना सांभाळते. राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ योजना प्रौढांच्या सामूहिक घरांसाठी आहे. पण महाराष्ट्राच्या गरजेपुढे हे सगळं मूठभर आहे. आणि घर कसं असावं हाही प्रश्न आहे. शंभर जणांची एक इमारत गावाबाहेर बांधणं सोपं असतं, पण कॅनर यांच्या अकरा मुलांनी त्याची किंमत दाखवून दिली आहे. वस्तीत, चार-पाच जणांचं, शेजारपाजाराला ठाऊक असलेलं घर महाग वाटतं, पण माणूस त्यात माणूस राहतो. अशा घराची सवयही आई-वडील असतानाच व्हायला हवी. महिन्यातून दोन रात्री, मग आठवडा, मग महिना.

आता काय करावं?

सगळ्या आढाव्यातून निघणारी कामं मोजकी आहेत. प्रत्येक विशेष आणि सर्वसाधारण शाळेने चौदाव्या वर्षी लेखी आराखडा करावा, तो मुलाला समजेल अशा रूपात त्याच्यासमोर मांडावा आणि दरवर्षी तपासावा. अठराव्या वर्षी प्रमाणपत्र, पालकत्व, निवृत्तिवेतनातली नोंद आणि विमा या चार गोष्टी जिल्ह्यात एकाच खिडकीवर, एकाच दिवशी व्हाव्यात. शाळेचं शेवटचं वर्ष कामाच्या जागी घालवण्याचा प्रयोग सरकारी रुग्णालयं, वाचनालयं आणि महापालिकेच्या कार्यालयांत करून पाहता येईल, त्यासाठी नवा कायदा लागत नाही. सामूहिक घरांसाठी गृहनिर्माण प्रकल्पांत काही सदनिका राखून ठेवाव्यात. आणि आपण, जे ऑटिस्टिक प्रौढांचे शेजारी, बस वाहक, बँकेतले कर्मचारी, सोसायटीचे सचिव आहोत, त्यांनी आपल्या गल्लीतल्या मोठ्या झालेल्या त्या मुलाचं नाव माहीत करून घ्यावं, त्याच्याशी त्याच्या आईमार्फत न बोलता थेट बोलावं आणि उत्तरासाठी थांबावं. डोनाल्डच्या गावाने केलं ते मुख्यतः एवढंच होतं. त्यासाठी सरकारी निर्णयाची वाट पाहायची गरज नाही.